‘तुझं बघतो मी’ म्हणालेल्या साहेबांची वही कुठंय? एचआरच्या मंडळींना खुलं पत्र

चाकण, भोसरी, रांजणगाव, हिंजवडी, जिथं कुठं तुमचं केबिन असेल तिथल्या समस्त एचआर मॅनेजर, प्लांट हेड आणि अप्रेझलच्या शीटवर शेवटची सही करणाऱ्या मंडळींना,

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आमच्या कंपनीत वीस वर्षं पूर्ण झालेल्यांचा सत्कार झाला. तिघंच होतो. मी क्वालिटीतला, एक मेंटेनन्सचा आणि एक स्टोअरचा. शाल, सर्टिफिकेट आणि 20 ग्रॅमचं चांदीचं नाणं. प्लांट हेड साहेबांनी मोबाईलवरून नावं वाचली, हे आपल्या कुटुंबाचे आधारस्तंभ आहेत म्हणाले, टाळ्या झाल्या, आणि मग फोटोसाठी शेजारी उभे राहिले तेव्हा हळूच मला विचारलं, "आप कौन से डिपार्टमेंट में हो?" साहेबांना कंपनीत येऊन चौदा महिने झालेत, दोन प्लांट सांभाळतात, माणूस वाईट नाहीये, त्यांना माहितीच नव्हतं एवढंच. मीपण हसून सांगितलं, क्वालिटी सर.

हे पत्र काय मी त्या प्रसंगावरून लिहीत नाहीये. ते नाणं घरी देव्हाऱ्यात ठेवलंय, आईला लई कौतुक आहे त्याचं. पत्र लिहायचं डोक्यात आलं ते त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या गोष्टीवरून.

आमच्या डिपार्टमेंटला दीड वर्षापूर्वी एक पोरगा आला, दुसऱ्या कंपनीतून. हुशार आहे, कष्टाळू आहे. इंटरव्ह्यूला टेक्निकल पॅनेलवर मीच होतो आणि घ्या म्हणून मीच लिहिलं होतं. आल्यावर पहिले चार महिने त्याला आमचे कस्टमर, त्यांचे ऑडिटर, कुठला पार्ट पावसाळ्यात गंजून रिजेक्ट होतो, कुठल्या फिक्स्चरचा पिन वर्षाला बदलावा लागतो, हे सगळं मीच शिकवलं. तर तो त्या दिवशी कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर ताट घेऊन बसला आणि म्हणाला, सर, मोशीला फ्लॅट बघतोय, माझं इन-हँड 73 येतं, हप्ता झेपेल का? आता हा पोरगा मला मोठ्या भावासारखा मानतो म्हणून विचारतोय, आणि मी त्याला हप्त्याचं गणित समजावून सांगतोय, आणि माझ्या घशाखाली भाकरी उतरत नाहीये, कारण माझं येतं 62.

त्याच्यावर राग नाही. त्याला जे मिळालं ते बाजारभावाने मिळालं, आणि कुणालाही मिळावंच. राग असलाच तर माझ्यावर आहे की मला हे कळायला कुणीतरी फ्लॅट घ्यावा लागला.

हे कसं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, तरी पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. बाहेरून माणूस घ्यायचा असला की तुम्ही बाजार बघता, बाजारात जो भाव आहे तो देता, नाहीतर तो येतच नाही. आतल्या माणसाला मात्र टक्क्यात मोजता, सहा टक्के, आठ टक्के, फारच झालं तर दहा, आणि तेही बेल कर्व्हमध्ये बसला तर, म्हणजे दहा जणांच्या टीममध्ये दहाच्या दहा चांगले असले तरी एकाला खाली ढकलायचंच. एका रविवारी मी बसून एक्सेलमध्ये हिशोब केला. 3 लाखांवर सुरू झालेला माणूस, दरवर्षी 8 टक्के, 15 वर्षांनी साडेनऊ लाखांवर पोचतो. तोच माणूस दर तीन वर्षांनी कंपनी बदलतो, बदलताना 30 टक्के घेतो आणि मधल्या वर्षांत तेच 8, तर 24 लाख. बरं 30 सगळ्यांना मिळत नाहीत, कबूल, 20 धरा, तरी 16 लाखांवर जातो. म्हणजे निष्ठेची किंमत आहे, अगदी नीट काढता येते, फक्त ती निष्ठावंत माणूस भरतो.

आणि बजेट नसतं असं म्हणू नका हो. एप्रिलमध्ये आमच्या डिझाईनच्या एकाला "यावर्षी टाईट आहे" म्हणून 6 टक्के दिले होते. ऑक्टोबरमध्ये त्याने पेपर टाकला. दोन दिवसांत, दोन दिवसांत हां, 22 टक्के वाढ, नवीन डेसिग्नेशन आणि वर रिटेन्शन बोनस. कुठून आलं हे? तेव्हापासून पोरं आपसात म्हणतात की कंपनीत अप्रेझलचा खरा फॉर्म एकच आहे, राजीनामा. तुम्ही ज्या मिटींगमध्ये अॅट्रिशनची, म्हणजे लोक सोडून का जातात याची चर्चा करता ना, तिथं कुणीतरी हे एकदा बोलून दाखवा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही म्हणाल मग तू का नाही गेलास. गेलो असतो. 2016 ला नाशिकची एक ऑफर होती, हातात लेटर होतं. तेव्हाचे आमचे साहेब, त्यांचं नाव घेत नाही, त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, आणि म्हणाले, अरे कुठं जातोस, दोन वर्षांत मॅनेजरची पोझिशन निघतीये, तुझं बघतो मी. मी लेटर फाडलं. आठ महिन्यांनी साहेब स्वतःच गेले, गुजरातला, चांगल्या पॅकेजवर. नंतर जे आले त्यांना मी म्हणालो की सर असं असं ठरलं होतं. ते म्हणाले, मला हँडओव्हरमध्ये असं काही दिलेलं नाही. खोटं बोलत नव्हते ते. नव्हतंच दिलेलं.

वीस वर्षांत माझे सात साहेब झाले. सातपैकी चार जणांनी "तुझं बघतो" म्हटलंय, आणि मला वाटतं चौघांनी मनापासून म्हटलं होतं. पण हे किराणा दुकानासारखं झालं. मी वीस वर्षं उधारीवर माल देतोय, रविवारचं ऑडिट, दिवाळीच्या पाडव्याला लाईन बंद पडली म्हणून येणं, कस्टमरकडं फरिदाबादला जाऊन तीन दिवस पार्ट हाताने सॉर्ट करत बसणं, आणि समोरचा वहीत लिहून घेतोय असं मला वाटतंय. दर तीन वर्षांनी दुकानदार बदलतो आणि जाताना वही घरी घेऊन जातो. नव्याकडं कोरी वही. सगळं सॅपमध्ये, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं म्हणे, माझ्या गेज कॅलिब्रेशनची 2009 ची तारीख पण सापडेल तिथं, पण पाडव्याला कोण आलं होतं ते सॅपमध्ये नसतं.

निष्ठा कंपनीशी असते असं आपण म्हणतो पण ती असते माणसाशी, आणि तिची परतफेड पण माणूसच करतो. 2013 ला वडील कराडला आयसीयूत होते तेव्हा त्यावेळच्या साहेबांनी मला बावीस दिवस सोडलं, रजा शिल्लक नव्हती तरी पगार कापू दिला नाही, कसं मॅनेज केलं त्यांनाच माहीत. ते मी विसरणार नाही. पण ते त्या माणसाने केलं, तुमच्या पॉलिसीने नाही, आणि तो माणूस रिटायर होऊन आता साताऱ्यात शेती बघतो. पूर्वी वरची माणसंही वीस-पंचवीस वर्षं तिथंच असायची म्हणून हे चालायचं, देणारा आणि घेणारा दोघंही जागेवर. आता खालच्याने थांबावं अशी अपेक्षा आणि वरचा तीन वर्षांत पुढं. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

माझे मामा आकुर्डीच्या एका कारखान्यात होते, अठ्ठावीस वर्षं. पगार काही फार नव्हता. पण कंपनीच्या पतपेढीतून कर्ज काढून निगडीला दोन खोल्या झाल्या, मामींच्या ऑपरेशनला पैसे मिळाले, शेजारच्या खोलीतल्या माणसाचा मुलगा वडिलांच्या जागी लागला. आमच्या सांगलीकडं तर किर्लोस्करवाडीचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडात असतं, 1910 साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा केला आणि त्याच्याभोवती गावच वसवलं. मी काय जुने दिवस सोन्याचे होते असं म्हणत नाही, मामांच्या बोटाचं एक पेर प्रेसमध्ये गेलं होतं आणि त्याबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. पण तेव्हा थांबण्याच्या बदल्यात काय मिळणार हे दोन्ही बाजूंना माहीत असायचं. घर, पतपेढी, पोराला चिकटवणं. डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टी होत्या. आता आम्हाला मिळतं काय तर "कुटुंब" हा शब्द. आमच्या गावात कुटुंबातल्या माणसाला 90 दिवसांचा नोटीस पिरियड नसतो बरं का.

तुम्ही म्हणाल ग्रॅच्युइटी आहे की. आहे. 1972 चा कायदा होता, आता तेच नव्या सामाजिक सुरक्षा कोडमध्ये आलंय, पाच वर्षं सलग नोकरी झाली की शेवटच्या बेसिक आणि डीएवर प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून, वरची मर्यादा 20 लाख. माझं बेसिक 38 हजार, वीस वर्षांचे होतात साधारण 4 लाख 38 हजार. पण दोन गोष्टी. पहिली म्हणजे हे पैसे तुम्ही ऑफर लेटरमध्ये सीटीसीत, म्हणजे वर्षाच्या एकूण पॅकेजमध्येच दाखवता, बेसिकच्या 4.81 टक्के अशी ओळ असते खाली, म्हणजे निष्ठेचं बक्षीस माझ्याच पगारातून बाजूला काढलेलं. आणि दुसरी म्हणजे त्या पोराचा आणि माझा महिन्याचा फरक 11 हजारांचा आहे, म्हणजे माझी वीस वर्षांची ग्रॅच्युइटी तो चाळीस महिन्यांत फक्त फरकावर कमावतो. आणि पाच वर्षं थांबला तर ग्रॅच्युइटी त्यालाही आहेच.

बाकी पीएफ आता यूएएन म्हणजे कायमच्या खाते नंबरमुळे माणसाबरोबर फिरतो, कंपनी बदलली तरी नंबर तोच. पेन्शनचं तर विचारूच नका, ईपीएसला, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेला, पगार 15 हजारच धरतात, तेहतीस वर्षं भरून त्यात दोन बोनसची मिळवून झालेल्या पस्तीसने ते 15 हजार गुणून सत्तरने भागलं तर महिना 7,500 होतात, मग तुम्ही एका कंपनीत काढा नाहीतर दहा कंपन्यांत.

गंमत म्हणजे जुन्या माणसाचा मान कायद्यात अजून शिल्लक आहे. कामगार कपात करायची तर शेवटी आला तो आधी जाणार, हे औद्योगिक विवाद कायद्यात होतं 1947 च्या, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी जे लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले त्यातही ठेवलंय. पण ते "कामगार" असेल त्याला. आमच्यासारखे स्टाफवाले सुपरवायझरी कामात धरले आणि पगार 18 हजारांच्या वर गेला की आम्ही कायद्याने कामगारच उरत नाही. मग आमच्यात उलटा क्रम लागतो, जुना म्हणजे महाग, महाग म्हणजे आधी. मेव्हणा हिंजवडीत आहे, त्याच्या सोसायटीत जुलै 2025 ला वातावरण काय होतं ते मी बघितलंय. टीसीएसने 2 टक्के म्हणजे 12 हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं आणि ते मुख्यतः मिडल आणि सिनियर लेव्हलचे असतील हेही सांगितलं. आमच्या गावाकडं त्या कंपनीत पोरगा लागला म्हणजे सरकारी नोकरी लागल्यासारखं पेढे वाटायचे. ते त्या वर्षी बंद झालं.

आमच्याच प्लांटमध्ये एक जागा आहे जिथं जुन्या माणसाला आजही नीट मिळतं, आणि ती तुम्ही दिलेली नाही. परमनंट ऑपरेटर. त्यांची युनियन आहे, तीन-साडेतीन वर्षांनी करार होतो, आठ-दहा महिने रखडतो, गेट मिटींगा होतात, पण होतो, आणि एकदम काही हजार वाढतात, कागदावर, सह्यांनिशी. आमच्या लाईनवरचा एक सिनियर ऑपरेटर त्याच्या सुपरवायझरपेक्षा जास्त घेऊन जातो घरी. स्टाफच्या लोकांना याचं वाईट वाटतं, मलाही वाटायचं, आता वाटत नाही. त्यांनी "बघतो" वर भागवलं नाही, लिहून घेतलं. बस.

पण तेही किती उरलेत. मी लागलो तेव्हा लाईनवर बहुतेक परमनंट होते, आता त्याच लाईनवर चार परमनंट आणि बाकी सगळी कॉन्ट्रॅक्टची पोरं, लातूर, नांदेड, बिहार, ओडिशा. आणि इथं मला तुमचं खरंच कळत नाही. आमच्याकडं टाऊन हॉलमध्ये स्लाईड दाखवता की आजकालची पिढी टिकत नाही, बॉन्डिंग नाही, आणि खाली शॉपवर जो पोरगा मनापासून टिकायला तयार आहे त्याला सातव्या महिन्यात ब्रेक देता, कारण 240 दिवस भरले तर तो परमनंट मागेल. गेल्या वर्षी एक पोरगा होता, फायनल इन्स्पेक्शनला, नुसत्या हाताने फिरवून सांगायचा की बोअर ओव्हरसाईज आहे, गेज लावून बघितलं की बरोबर निघायचं. त्याला ब्रेक देऊ नका म्हणून मी दोन मेल टाकले. पॉलिसी आहे असं उत्तर आलं. गेला तो, आता म्हणे तळेगावला कुठंतरी हेच काम करतो. वरच्या मजल्यावर निष्ठा मागायची आणि खालच्या मजल्यावर निष्ठा मोजायला लागू नये म्हणून कॅलेंडर बघत बसायचं. नवीन कोडमध्ये फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला, एका वर्षात ग्रॅच्युइटी बसते, ती चांगली गोष्ट आहे, पण सात महिन्यात काढलं तर एक वर्ष तरी कुठून भरणार.

आता थोडं माझ्याविरुद्ध पण लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल रडगाणं आहे. वीस वर्षं थांबलो ती सगळी निष्ठा नव्हती. त्यात होम लोन होतं, मुलीची शाळा होती, आईचे गुडघे होते, आणि खरं सांगायचं तर इंटरव्ह्यूची भीतीपण होती. 2016 नंतर बायोडेटा अपडेटच केला नाही मी. कंपनीची बस दारात येते, कॅन्टीनवाला न सांगता बिनसाखरेचा चहा देतो, कुठल्या साहेबाला कधी भेटायचं ते कळतं, ही सवय सुटत नाही. काही जुनी माणसं नुसती खुर्ची धरून बसलेली असतात हेही मी बघितलंय, आणि त्यांना केवळ वर्षं झाली म्हणून वाढ द्या असं मी म्हणणार नाही. वर्षांना पैसे देऊ नका. पण ज्या कामाला तुम्ही बाहेरच्याला 73 देता तेच काम आतला करत असेल, त्याला शिकवत असेल, तर त्याला 62 देण्याचं कारण काय, हे एकदा तोंडाने सांगा. "तो जाणार नाही हे आम्हाला माहितीये" एवढंच कारण आहे, आणि ते तुम्ही कुठल्याच मिटींगमध्ये मोठ्याने बोलू शकत नाही.

तर मागणं फार नाहीये. ज्या दिवशी बाहेरच्या माणसाचं ऑफर लेटर मंजूर करता त्याच दिवशी त्याच पोस्टवरच्या आतल्या लोकांचे पगार त्या शीटवर शेजारी लिहा, आणि फरक असेल तर कुणी पेपर टाकायची वाट न बघता भरून काढा, एकदम नको, दोन वर्षांत काढा. साहेब कंपनी सोडतो तेव्हा त्याच्याकडून लॅपटॉप, सिम कार्ड, गाडीची चावी सगळं सही घेऊन जमा करता ना, तसंच त्याने कुणाकुणाला काय शब्द दिलाय तेही लिहून घ्या, पाळायचा की नाही ते नंतर बघा, पण निदान नव्याला "मला माहीत नव्हतं" म्हणता येऊ नये. त्या फायनल इन्स्पेक्शनच्या पोरासारखे वर्षाला चार जण तरी परमनंट करा. आणि ते कुटुंब-कुटुंब तेवढं थांबवा, आम्ही नोकरी करतो, आमचं कुटुंब घरी आहे.

मी काही आता जाणार नाही. पंचेचाळीस झालीत, मुलगी यंदा दहावीला आहे. पुढच्या महिन्यातल्या कस्टमर ऑडिटला हाउसिंग नावाच्या जुन्या पार्टचं पहिलं अॅप्रूव्हल विचारतील, ते स्टोअरच्या मागच्या रॅकला 2011 च्या निळ्या फाईलमध्ये आहे, सॉफ्ट कॉपी नाहीये, मला फोन करालच.

त्या पोराला मोशीचा फ्लॅट मिळाला, बुकिंग झालं. परवा पेढे घेऊन आला होता. जाताना म्हणाला, सर, प्लांट हेड साहेब म्हणाले मला, डोन्ट वरी, आय विल टेक केअर ऑफ यू. मी म्हटलं चांगलं झालं, संध्याकाळच्या आत त्यांना म्हणावं मेलवर टाका.

आपला,
चाकणमधला एक क्वालिटीवाला